तुर्की मडकं, आपला मसाला

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, जसं बोललं तसं)



मागच्या महिन्यात शहादा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. पैसे जमा झाले, सह्या-अंगठे झाले, वही मिटली. चहा येईपर्यंत कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीने मोबाइल पुढे केला. तुर्कस्तानातली एक बाई मातीच्या भांड्यात मटण, वांगी, कांदे, टमाटे, हिरव्या मिरच्या असं सगळं थरावर थर रचत होती. वर झाकण बसलं आणि भांडं गेलं भट्टीत. बाहेर काढलं तेव्हा रस्सा अजून खदखदत होता. मुलीला हे गटाच्या वार्षिक जेवणाला करायचं होतं. तिने विचारलं, "ताई, याचा मसाला कुठे मिळेल? मागवावा लागेल का?" मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजी पडद्याकडे बघून म्हणाल्या, "माय वं, हाई ते आपलंच शे!"

सगळ्या हसल्या. आजींचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. भांडं आपलंच, भाजी आपलीच, मसाला मात्र आपण घालतो तसा नाही. तिथल्या तिथे मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते अपुरं होतं. म्हणून आज नीट सांगते.

तुर्कस्तानात या पदार्थाला ग्युवेच म्हणतात. हे मुळात भांड्याचंच नाव, जाड बुडाच्या पसरट मातीच्या भांड्याचं. आपण 'हंडीतलं मटण' असं न म्हणता नुसतं 'हंडी' म्हणतो, तसंच ते. त्या देशात आवानोस नावाचं कुंभारकामाचं जुनं गाव आहे. गावाजवळून वाहते तिचं नाव किझिलइर्माक, म्हणजे लाल नदी. तिच्या काठच्या मातीची भांडी तिथे पिढ्यान्‌पिढ्या घडतात. त्या भागात मटण सुरईसारख्या बुधल्यात भरतात, तोंड कणकेने लिंपतात आणि जेवणाच्या वेळी बुधलाच फोडतात. ही चैन आपल्याला परवडायची नाही. आपण झाकण काढून वाढू.

भांड्यातलं वांगं मात्र आपल्या बाजूने तिकडे गेलेलं आहे. संस्कृतातलं 'वातिंगण' इराणात 'बादिंगान' झालं आणि अरबस्तानातून तुर्कांच्या तोंडी जाईपर्यंत 'पातलजान' झालं. मिरचीची गोष्ट वेगळी. ती त्यांचीही नाही आणि आपलीही नाही. ती अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याकडे आणली आणि साधारण त्याच शतकात ती तुर्कांकडेही पोचली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरे, पिंपळी आणि सुंठ असायची. म्हणून तर नव्या फळाला आपण मिऱ्यावरून 'मिरची' म्हणालो. तुर्कांनीही तेच केलं. त्यांच्याकडे मिरे आणि मिरची दोन्हींना 'बिबेर' म्हणतात आणि त्या शब्दाचं मूळ आपल्या पिप्पलीत आहे.

आता मसाल्याकडे वळू. आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कढईतली भाजी उघडी शिजते. वाफेबरोबर मसाल्याचा वास घरभर जातो, शेजारी जातो. म्हणून आपण हात सैल सोडून मसाला घालतो. लिंपलेल्या मडक्यातून काही बाहेर जात नाही. घातलेली एक लवंग दोन तास आतच फिरत राहते. चार लवंगा घातल्या तर मटणाला दातदुखीच्या औषधाचा वास येतो. चांगला वास आत राहतो तसा वाईटही राहतो. कुबट धणे किंवा बुरशी धरलेली मिरची कढईत कदाचित लपेल, मडक्यात लपत नाही. म्हणून या भांड्यासाठी मसाला थोडा घ्यायचा, पण पारखून घ्यायचा.

ग्युवेच करताना तुर्की बाई साधारण काय घालते? मीठ, मिरे, जाडसर कुटलेली लाल मिरची, तमालपत्रासारखं एक पान, रानात होणारी एक सुगंधी पाती. कुणी थोडं जिरं घालतं. कुणी मिऱ्यासारखा दिसणारा एक दाणा घालतं, ज्याला लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा मिळून वास येतो. टमाट्याचा किंवा मिरचीचा उन्हात आटवलेला गोळा असतो. एवढंच. कांदा-खोबरं भाजून वाटायचं नाही, दगडफूल नाही, खसखस नाही. आपला काळा मसाला यात घातला तर भाजी चांगलीच होईल, पण ती आपली भाजी होईल. तो मसाला शेवभाजीला आणि वांग्याच्या रश्शाला राहू द्या.

या यादीतलं काहीही बाहेरून मागवावं लागत नाही. सुगंधी पातीला ते केकिक म्हणतात. तिच्या वासात जो एक अंश असतो, तो आपल्या ओव्यात भरपूर आहे. दुकानदार त्याला थायमॉल म्हणतील. ओवा तळहातावर चोळून हुंगा आणि मग तो पिझ्झ्यावर टाकतात त्या पुडीचा वास घ्या, म्हणजे नातं कळेल. मात्र ओवा त्या पातीपेक्षा फार जोरकस. एक किलो मटणाला एक चिमूट, तीही चोळून. जास्त झाला तर रश्शाला पोटदुखीच्या काढ्याची चव येते. कुंडीत पानओवा असेल तर त्याची दोन पानं चुरडून टाका, तीही चालतात.

त्यांचं पान आणि आपलं तमालपत्र ही एक झाडं नाहीत. आपलं पान दालचिनीच्या नात्यातलं. त्यावर देठापासून टोकापर्यंत तीन उभ्या शिरा दिसतात. वास गोडसर, मंद. एक पान पुरे. त्या मिऱ्यासारख्या दाण्याऐवजी दोन लवंगा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी घ्या.

आता मिरची. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. नंदुरबारमध्ये बसून मिरचीवर दोनच वाक्यं बोलले तर तुम्ही मला दारात उभं करणार नाही.

तुर्कस्तानात मिरचीसाठी दोन शहरांची नावं घेतात, मराश आणि उर्फा. मराशची मिरची लालभडक, मऊ तिखट. ती वाळवून जाडसर कुटतात, बऱ्याच बिया काढून टाकतात, थोडं मीठ आणि तेल चोळतात. उर्फाची मिरची दिवसा उन्हात पसरतात आणि रात्री घट्ट गुंडाळून ठेवतात, म्हणजे तिला घाम फुटतो. असं बरेच दिवस केल्यावर ती काळपट जांभळी होते आणि तिला मनुक्यासारखा, किंचित धुरकट वास येतो. हे दाखवल्यावर त्या मुलीने लगेच विचारलं, आपणही करू का? माझं ऐका, करू नका. त्यांच्याकडे उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो आणि हात पिढ्यांचे सरावलेले. आपल्याकडे मिरची वाळवण्याच्या दिवसांतच आभाळ येतं. ओल कोंडली की बुरशी आलीच. तो वास हवा असेल तर चांगली वाळलेली कमी तिखट मिरची तव्यावर थेंबभर तेलात मंद आचेवर काळपट होईपर्यंत परता आणि जाडसर कुटा. अगदी तेच नाही, पण जवळ जातं.

आपल्याकडे मिरची वाळते ती पथारीवर. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ओली लाल मिरची नंदुरबारच्या बाजारात यायला लागते. शहराबाहेरच्या मोकळ्या रानांवर ती पसरतात. लांबून बघितलं तर जमिनीवर लाल लुगडी वाळत घातल्यासारखी दिसतात. ओली मिरची साडेतीन-चार किलो घ्यावी तेव्हा वाळून एक किलो हाती येते. पसरायला, उलथायला, निवडायला, देठ खुडायला बहुतेक बायकाच असतात. माझी आई काही हंगाम गेली आहे. संध्याकाळी घरी आली की लहान भावाला जवळ घ्यायची नाही, कारण हाताची आग त्याच्या डोळ्यांना लागायची. पाण्याने कितीही हात धुतले तरी ती जात नाही. मिरचीचं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी हाताला गोडं तेल चोळा, पुसून काढा, मग साबण लावा. हे आईला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगते.

तेलात विरघळतं ही गोष्ट स्वयंपाकातही कामाची आहे. मिरचीचा रंगही तेलातच उतरतो. म्हणून तर्री लाल दिसते आणि खालचं पाणी फिकं. मडक्यात मिरची नुसती वर भुरभुरवली तर ती कच्चट लागते. तेलात, कांद्यात कालवून घातली तर थोड्या मिरचीत रंग येतो. तेल मात्र कडकडीत तापलेलं नको. तिखट जळलं की कडू होतं आणि तो कडूपणाही आतच राहतो.

दुसरं असं की तिखटपणा बियांत असतो हा समज चुकीचा आहे. मिरची उभी चिरली की आत पांढरट धागा दिसतो, ज्याला बिया चिकटलेल्या असतात. खरा जाळ त्या धाग्यात. बिया त्याला घासून तिखट होतात, एवढंच. तुर्की भांड्याला रंग हवा, जाळ कमी हवा. मिरची फोडा, धागा आणि बिया झटकून काढा, सालं कुटा. आपलीच मिरची बरीच सौम्य होते. काढलेल्या बिया फेकू नका, चटणीत चालतात.

कोणती मिरची घ्यायची? बाजारात नावं खूप ऐकाल. लाली, फापडा, जरेला, शंकेश्वरी. बाहेरून येणारी ब्याडगी, तेजा. ब्याडगी कर्नाटकातली, सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला कमी. तेजा चांगलीच झणझणीत. पण नावावर फार जाऊ नका. एकाच नावाचा माल दोन गोण्यांत दोन तऱ्हेचा निघतो. मिरची हातात घ्या. कानाजवळ हलवा, आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. मधोमध वाकवा, कट्‌ आवाज करून मोडली पाहिजे. चामड्यासारखी चिवट वाकली तर आत ओल आहे. मोडल्यावर आतलं बघा. बाहेरून लाल आणि आत राखाडी, हिरवट किंवा काळी पूड दिसली तर गोणी तिथेच ठेवा. सालीवर पांढरट फिके डाग असतील तर मिरची पावसात भिजलेली किंवा झाडावरच रोगट झालेली. आणि सालीचा एक तुकडा जिभेवर ठेवून बघा. बी नाही, साल. मग कळेल खरी किती तिखट आहे.

एवढं सगळं मी शहाणपणाने सांगते आहे, पण शिकले ते नुकसान करून. आमच्या गटाने पहिल्या वर्षी तिखट करून विकायचं ठरवलं. ४० किलो मिरची घेतली, भावात बरीच स्वस्त मिळाली म्हणून. वरच्या मिरच्या छान होत्या. गोणीत भरताना मिरची तुटू नये, धूळ उडू नये म्हणून कधी पाणी शिंपडतात. ते आम्हाला ठाऊक होतं, तरी आम्ही गोणीच्या तळात हात घातला नाही. आम्ही म्हणजे मीच, खरेदीला मी होते. मिरची पुन्हा उन्हात न घालता कांडपावर नेली. कांडपातून तिखट गरम निघतं. ते गरमच पिशव्यांत भरलं आणि तोंडं बंद केली, कारण दुसऱ्या दिवशी बाजार होता. तीन आठवड्यांत पिशव्या परत यायला लागल्या. आत गुठळ्या, वास गोदामातल्या ओल्या पोत्यासारखा.

त्या रात्रीची बैठक मला आठवते. कुणी म्हणालं, चाळून, उन्हात घालून लांबच्या बाजारात विकू. कुणी म्हणालं, नव्या तिखटात थोडं थोडं मिसळू, कळणारही नाही. पैसे सगळ्यांचे अडकले होते, त्यामुळे असं म्हणणारी बाई वाईट होती असं नाही. आमच्यातल्या एकीने विचारलं, "हे आपल्या घरी आपण खाऊ का?" कुणी बोललं नाही. २२ किलो तिखट आम्ही शेताच्या कडेला खड्ड्यात पुरलं. गटाचं कर्ज फेडायला पुढचे आठ महिने लागले.

पुरलं ते बरं केलं, हे मला नंतर नीट कळलं. मिरचीवर, शेंगदाण्यावर, मक्यावर येणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला बाधतं. आणि ते शिजवून जात नाही. ऊन दाखवलं, चाळलं, फोडणीत तळलं, तरी विष राहतं. युरोपातल्या देशांनी मसाल्यांत या विषाची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. एवढ्याशा अंशावरून मालाची आख्खी खेप परत पाठवली जाते. आपल्या स्वयंपाकघरात ते मोजायचं साधन नाही. आपल्या हाती आहे ते ओल न ठेवणं.

तेव्हापासूनची आमची रीत अशी. मिरची घेताना गोणीच्या मध्यात आणि तळात हात घालायचा. आणल्यावर पुन्हा दोन-तीन कडक उन्हं द्यायची, जमिनीवर नाही, ताडपत्रीवर किंवा खाटेवर. संध्याकाळी दंव पडायच्या आत गोळा करायची. कांडल्यावर तिखट परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच भरायचं. प्रत्येक घाण्यातली एक पिशवी तारीख लिहून आपल्याकडे ठेवायची. कुणी तक्रार घेऊन आलं तर तीच उघडून बघता येते. विकायचं असेल तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करायची आणि पिशवीवर घटक, वजन, तारीख छापायची, हे तर आलंच.

बाजारचं तयार तिखट घेणाऱ्यांसाठी एक जुनी परीक्षा आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर चिमूटभर तिखट टाका, ढवळू नका. रंगाच्या धारा खाली उतरल्या तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला असू शकतो. तळाला बसलेला गाळ बोटाने चोळला आणि तो खरखरला तर विटेची भुकटी किंवा माती. पण ही परीक्षा सगळं पकडत नाही. सुदान नावाचा एक रंग पाण्यात उतरतच नाही, तो तेलात उतरतो. खाण्यात त्याला बंदी आहे. २००५ साली ब्रिटनमध्ये एका सॉसमधल्या तिखटात तो सापडला आणि ४०० हून जास्त खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. ते तिखट भारतातून गेलेलं होतं. म्हणून मी म्हणते, अख्खी मिरची घ्या आणि कुटा. मिरचीला रंग फासणं अवघड, भुकटीत मिसळणं सोपं.

बाकीच्या मसाल्याचं थोडक्यात. लवंग नखाने दाबली की तेलकट ओल दिसली पाहिजे. पाण्यात टाकली की बुडते किंवा उभी तरंगते. आडवी तरंगली तर तिचं तेल आधीच काढून घेतलेलं असण्याची शक्यता. मिरे पाण्यात टाका. पपईच्या बिया मिसळल्या असतील तर त्या वर येतात. पोचट मिरेही वर येतात, तेही नकोतच. जिरं तळहातावर चोळा, हात काळा झाला तर ठेवून द्या. हे सगळे मसाले अख्खे घ्या आणि अख्खेच, फार तर ठेचून, मडक्यात घाला. दोन तासांच्या शिजण्यात बारीक पूड लवकर वास सोडून मोकळी होते आणि मग नुसती कडवट राहते. अख्खा मसाला हळूहळू सोडतो.

आंबटाबद्दल सांगायचं राहिलं. तुर्की बाया सुमाक नावाची एक लालसर आंबट भुकटी वापरतात. ती एका झुडपाच्या फळांची असते. मडक्यात नाही घालत, सोबत द्यायच्या चिरलेल्या कांद्यावर घालतात. तिच्या जागी आपला आमचूर घ्या. धडगाव-मोलगीच्या डोंगरांतल्या बाया कैऱ्या सोलून, चकत्या करून, खडकांवर आणि छपरांवर वाळवतात, तोच. साल नीट काढलेली असेल आणि वळवाचा पाऊस लागला नसेल तर फोड पांढरट राहते. काळी पडली की व्यापारी भाव पाडतो. तुम्ही घेताना फोड घ्या, पूड नाही. फोड वाकवली तर मोडली पाहिजे, नुसती वाकली तर ओली. आणि घरी कुटा. धडगावच्या बाईला भाव मिळेल आणि तुम्हाला काय खातो ते कळेल.

आमचूर काय किंवा टमाटा काय, आंबट शेवटी घालायचं. वांगी, बटाटे, चणे यांच्याबरोबर सुरुवातीलाच आंबट पडलं तर ते लवकर मऊ होत नाहीत. तुर्की बाया टमाट्याच्या चकत्या सगळ्यात वर ठेवतात. शोभा दिसते, पण काम त्यातही होतं. रस हळूहळू खाली उतरतो.

आता करायचं कसं ते सांगते, लिहून घ्या. आठ-दहा जणींसाठी एक किलो मटण. अर्धा किलो वांगी, चार मोठे कांदे, चार टमाटे, लसणाचा एक गड्डा सोललेला पण अख्खा, चार-पाच हिरव्या मिरच्या अख्ख्या. मसाला असा: जाडसर कुटलेली मिरची चहाचे दोन चमचे, ठेचलेले १० ते १२ मिरे, अर्धा चमचा जिरं, चोळलेला चिमूटभर ओवा, दोन लवंगा, पेराएवढी दालचिनी, एक तमालपत्र. तेल अर्धी वाटी, मीठ अंदाजाने. बिनमटणाचं करायचं तर रात्रभर भिजवून उकडलेले चणे आणि बटाटे घ्या. मसाला तोच, वेळ अर्धी.

मडकं कुंभाराकडचं साधं, भाजलेलं, आतून काही न लावलेलं. बाजारात चकचकीत रंगीत झिलईची भांडी मिळतात, ती दिसायला ठेवा. काही झिलईत शिसं असतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. नवीन मडकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पुसा, आतून तेल लावा. चुलीवर जाळ घालून एकदम तापवू नका, तडकेल. निखाऱ्यांवर ठेवा आणि हळूहळू आर वाढवा. तापलेल्या मडक्यात गार पाणी ओतायचं नाही, लागलंच तर गरम घालायचं.

मटण, कांदा, लसूण, तेल, मीठ आणि सगळा मसाला परातीत हाताने कालवा. मिरची आहे, हाताला आधी तेल लावा. मडक्यात भरा, एक वाटी गरम पाणी घाला, झाकण ठेवा. सव्वा तास मंद आर. मग झाकण काढून वांग्याच्या जाड फोडी पसरा, वर टमाट्याच्या चकत्या, हिरव्या मिरच्या. आता झाकणाची कड कणकेने लिंपा आणि झाकणावरही चार निखारे ठेवा. आणखी पाऊण तास. मध्ये उघडून बघायचं नाही, कितीही वाटलं तरी. तळाला लागेल अशी भीती वाटली तर मडकं फडक्याने धरून हलकं हलवा.

उतरवल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या. गरम मडकं थंड फरशीवर ठेवू नका, चुंबळीवर किंवा राखेत ठेवा. कांदा पातळ चिरून, मीठ आणि आमचूर लावून बाजूला द्या. दादरची भाकरी हवीच. त्या आजींच्या ताटात पहिली पळी घाला. त्या म्हणतील हे आपलंच, म्हणू द्या. आणि कोणती मिरची घेतली, धागे काढले की नाही, किती तिखट झालं, ते पुढच्या बैठकीत मला सांगा.